नाना आणि अण्णांना घेऊन इंदूरच्या गेरला

२०२४ साली, शनिवारी ३० मार्चला, मी माझ्या वडिलांना आणि शेजारच्या अण्णांना घेऊन रंगपंचमीची गेर पाहून आले. वडील, म्हणजे आमचे नाना, ७८ वर्षांचे. अण्णा ऐंशीचे. एकाचे दोन्ही गुडघे गेलेले, दुसऱ्याला यंत्र लावल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि घरून निघालो तेव्हा दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. परत आल्यापासून ओळखीच्या पाच-सहा जणींनी विचारलं, "अगं, या वयाच्या माणसांना तिथे नेलंस तरी कसं?" कुणाच्या घरी गेर बघायची इच्छा मनात धरून बसलेलं वडीलधारं माणूस असेल तर उपयोगी पडेल, म्हणून सगळं आठवतंय तोवर क्रमाने लिहून ठेवते.

इंदूरबाहेरच्यांसाठी आधी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे रंगपंचमीला स्थानिक सुट्टी असते आणि टोरी कॉर्नर, मल्हारगंज, गोराकुंड, राजवाडा या जुन्या अरुंद रस्त्यांवर लाखो माणसं उतरतात. रंग उडवत निघणारी एकेक मिरवणूक म्हणजे गेर. घेर, घेरणं यावरून हा शब्द आला असं म्हणतात. होळकर राजे रयतेबरोबर रंग खेळत, तिथून ही रीत सुरू झाली असं जुनी माणसं सांगतात. टोरी कॉर्नरची गेर पाऊणशे वर्षांच्या घरात आली आहे. मधे फक्त २०२० आणि २०२१ ला कोरोनामुळे गेर निघाली नाही, आणि २०२२ ला पुन्हा निघाली तेव्हा लोक रडले होते.

गेर काढणारी मंडळी मात्र बहुतेक राजकारणातली असतात. वॉर्डातले कार्यकर्ते, नगरसेवक, आमदार, त्यांच्या संघटना. पुढे नेत्यांची गाडी, मागे रंगाचे टँकर. आदल्या संध्याकाळी तर बजरबट्टू संमेलन भरतं, त्यात मोठमोठे पुढारी सोंगं घेऊन मिरवतात. नानांनी आयुष्यात पुष्कळ मोर्चे काढले. ते नेहमी म्हणतात, "एवढी पुढारी माणसं एका रस्त्यावर, आणि एकही मुर्दाबाद नाही, असा जुलूस वर्षातून एकदाच."

आता त्या दोघांच्या अबोल्याविषयी, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नाना आणि अण्णा दोघंही इथल्या हुकुमचंद मिल या कापड गिरणीतले. नाना लाल बावट्याचे. १९६२ साली कामगार नेते होमी दाजी इथून खासदार झाले तेव्हा नाना सोळा वर्षांचे होते, आणि त्या मिरवणुकीत आपण किती चाललो हे ते अजून सांगतात. अण्णा जनसंघाचे, पुढे भाजपचे. खात्यात शेजारी उभे राहायचे, डबा एकत्र खायचे, आणि भांडायचे. मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांचे हक्काचे पैसे अडकले ते अडकलेच. कोर्ट, तारखा, अर्ज, मिलच्या गेटपाशी सभा. अखेर २५ डिसेंबर २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते, ते दूर पडद्यावर आणि कामगार इथे मैदानात, अशा कार्यक्रमात २२४ कोटी रुपये जाहीर झाले. सुमारे ४,८०० कामगार. बत्तीस वर्षांनी. कितीतरी जण तोवर गेलेले होते, त्यांच्या बायकापोरांनी कागद दाखवले.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर पेढे आले आणि तिथेच तोंडं फिरली. अण्णा म्हणाले, "सरकारने दिले." नाना म्हणाले, "आम्ही बत्तीस वर्षं लढून घेतले." वाक्यं एवढीच. पण नानांनी पेढा परत ताटलीत ठेवला आणि अण्णा चप्पल घालून निघून गेले. मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी काहीच बोलले नाही. पुढे तीन महिने आमच्या दोन दारांमधल्या बारा पावलांवरून कुणी गेलं नाही.

१६ मार्चला लोकसभेच्या तारखा जाहीर झाल्या. इंदूरचं मतदान १३ मेला. आचारसंहिता लागली आणि टीव्हीवर रोजची भांडणं सुरू झाली. त्याच रात्री नानांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "यंदा मला गेर बघायची आहे. पुढच्या वर्षाचं कुणी पाहिलंय?" २०१७ नंतर ते गेले नव्हते. मी मान डोलावली, पण झोप उडाली. मी स्वतः या शहरात बावन्न वर्षं काढली, पण गेर कधी जवळून पाहिलेली नव्हती. आमच्या लहानपणी "मुलींनी तिकडे जायचं नाही" एवढंच कानावर यायचं.

१८ तारखेला, सोमवारी, नानांना डॉक्टरांकडे नेलं. फी ५०० रुपये, थांबावं लागलं दीड तास. डॉक्टरांनी "नेऊ नका" म्हटलं नाही, याचं मला नवल वाटलं. ते म्हणाले, गर्दीत खाली उतरायचं नाही, गच्ची बघा, गच्चीवर सावली आहे का ते आधी विचारा, रक्तदाबाची गोळी सकाळी वेळेवर द्या, आणि साउंड सिस्टीम जवळ आली की छातीवर दणका बसतो तेव्हा त्यांना भिंतीआड न्या. ही शेवटची सूचना सगळ्यात मोलाची ठरली. गुलाल डोळ्यांत जाऊ नये म्हणून पोहण्याचे चष्मे घ्यायलाही त्यांनीच सांगितलं.

गच्ची मिळवणं हे सगळ्यात कठीण काम. खजुरी बाजारात मी वर्षानुवर्षं मुलांची पुस्तकं घेतली, त्या ओळखीने एक गच्ची ठरली. २१ तारखेला होकार आला आणि २६ ला नकार. गेरच्या आधी महापालिकेची माणसं त्या मार्गावरची जुनी घरं तपासून जातात, आणि मोडकळीला आलेल्या घरांच्या गच्चीवर कुणाला चढू देत नाहीत. आम्ही ठरवलेलं घर त्यात निघालं. मालक बिचारे चार वेळा माफी मागत होते. मला वाईट वाटलं, पण सुटकाही वाटली, कारण त्या गच्चीचा कठडा मी पाहिला होता. तुम्ही गच्ची ठरवाल तेव्हा हे पहिल्या दिवशीच विचारा: घराला नोटीस आलेली आहे का, कठडा किती उंच, गच्चीवर किती माणसं येणार, आणि संडास कितव्या मजल्यावर. हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका. म्हाताऱ्या माणसांचा अर्धा दिवस त्यावर अवलंबून असतो.

दुसरी गच्ची गोराकुंडजवळ मिळाली, माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या दिरामुळे. तिसरा मजला, पायऱ्या ५२. माणशी ६०० रुपये, त्यात पोहे, चहा आणि पाणी. पोलीस ठाण्यात यादी द्यायची म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या आधार कार्डाची प्रत मागितली. माझी, माझ्या मुलाची आणि नानांची प्रत काढली, आणि झेरॉक्सच्या दुकानात उभं असताना मला वाटलं की अण्णांशिवाय नाना गेर बघणार तरी कशी? वीसेक वर्षं ते दोघं एकत्र, पायी जायचे. येताना एकमेकांना ओळखू यायचे नाहीत असे.

त्या संध्याकाळी मी ती बारा पावलं चालून गेले. "अण्णा, रंगपंचमीला गच्ची घेतली आहे, चौघांची. आधार कार्ड द्या." अण्णांनी विचारलं, "त्याला माहीत आहे?" मी खरं ते सांगितलं, नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग उठले, कपाटातून कार्ड काढलं आणि म्हणाले, "प्रत काढून लगेच परत आण, निवडणूक आहे." नानांना मी घरी येऊन सांगितलं. ते म्हणाले, "तुझी गच्ची, तू कुणालाही ने." मी त्याला होकार समजले.

बाकीची तयारी दोन दिवसांत झाली. व्हीलचेअर भाड्याने आणली, दिवसाला १५० रुपये, अनामत २,०००. चार चष्मे, १२० रुपयांचा एक. खोबरेल तेल घरचं. फोनसाठी झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, कानात घालायला कापूस, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं, हे सगळं २१० रुपयांत. जुने पांढरे सदरे दोघांकडेही होते. प्रत्येकाच्या खिशात मी माझ्या फोन नंबरची चिठ्ठी लिहून ठेवली. शाईच्या पेनाने लिहिली, ही माझी चूक. ती पुढे महागात पडली.

शनिवारी पहाटे पाचला उठलो. अंगाला, केसांना, कानांच्या मागे, नखांवर खोबरेल तेल चोपडलं. साडेसहाला पोहे खाऊन नानांना गोळी दिली. सातला अण्णा दारात. दोघं रिक्षात दोन टोकांना बसले, मधे मी. माझा मुलगा खुर्ची घेऊन मागून स्कूटरवर.

मार्गावरची वाहतूक सकाळपासूनच बंद असते, म्हणून बडा गणपतीकडून किंवा राजवाड्याकडून जायचा विचारही करू नका. आम्ही जवाहर मार्गाने नृसिंह बाजाराच्या चौराह्यापर्यंत रिक्षाने गेलो, १६० रुपये. तिथून सीतलामाता बाजारातून खुर्ची ढकलत गोराकुंड. एरवी लग्नसराईच्या साड्यांनी भरलेला तो बाजार त्या दिवशी ताडपत्र्यांत गुंडाळलेला होता. दुकानांच्या पाट्या, एसीची यंत्रं, बाल्कन्या, सगळ्यांवर निळं-पिवळं प्लास्टिक. राजवाड्यालाही असंच झाकतात. भिंती वेगळ्याच दिसत होत्या आणि त्याचं कारण नानांनी आधी ओळखलं. पुढाऱ्यांचे चेहरे नव्हते. आचारसंहिता लागली की सरकारी जागेवरची पोस्टरं २४ तासांत, सार्वजनिक जागेवरची ४८ तासांत आणि खासगी जागेवरची ७२ तासांत काढावी लागतात. "गोराकुंडाची भिंत मी इतक्या वर्षांनी बघतोय," नाना म्हणाले. ते कुणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही. अण्णांनी मात्र मान वर करून भिंत पाहिली.

बॅरिकेडपाशी पिशव्या तपासल्या. महिला पोलीस होती, तिने नानांना पाहून विचारलं, "बाबूजी, पक्का जाना है?" नाना म्हणाले, "बेटी, पचास साल से जा रहा हूँ." तिने दोरी वर उचलली.

५२ पायऱ्यांना आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. दर दहा पायऱ्यांवर थांबलो. खुर्ची खालीच, दुकानाच्या आत ठेवली. वर पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते, आणि पहिली गेर आमच्यापर्यंत आली ती अकराच्या सुमारास. हे मधले अडीच तास म्हाताऱ्या माणसांना जड जातात. बसायला घडीची खुर्ची किंवा पाट असेल तर न्या. आम्ही सतरंजी नेली होती, पण खाली बसलेल्या नानांना उठवायला दोन माणसं लागली. शेवटी घरमालकांनी आतून लाकडी खुर्ची आणून दिली. गच्चीवर तीसेक माणसं होती. एक नवं जोडपं पुण्याहून आलं होतं, एक आजी आपल्या नातीला घेऊन. ऊन चढायला लागलं तसे सगळे पाण्याच्या टाकीच्या सावलीत सरकले, आणि त्या सावलीत नाना आणि अण्णांना खांद्याला खांदा लावून बसावं लागलं. अण्णांचं कानयंत्र मी काढून माझ्या पर्समध्ये, डबीत ठेवलं. पाण्याने खराब झालं असतं, आणि त्या आवाजात ते घालून ठेवणंही बरं नव्हतं.

मग आवाज आला. आधी पायांना कळला, मग कानांना. मल्हारगंजाच्या बाजूने रस्ता गुलाबी झाला, म्हणजे अक्षरशः हवाच गुलाबी झाली, आणि त्या हवेतून टँकर बाहेर आला. टँकरवर मोटार, मोटारीला जाड नळी, आणि नळीतून रंगीत पाण्याचा फवारा तिसऱ्या मजल्यावर आमच्या अंगावर. मागे ट्रॉलीवर ज्याला इथे मिसाइल म्हणतात ती. मोठं नळकांडं, त्यातून दाबाने गुलाल सुटतो आणि घरांच्याही वर जाऊन फुटतो. ऊन क्षणभर दिसेनासं होतं. मग तो गुलाल सावकाश, आवाज न करता, सगळ्यांवर उतरतो. खाली एवढा कल्लोळ चाललेला असताना ते उतरणं इतकं शांत असतं की मला रडू आलं. बावन्न वर्षं मी यापासून दोन-तीन मैलांवर राहिले होते.

साउंड सिस्टीम आली तेव्हा डॉक्टरांचं ऐकून नानांना जिन्याच्या खोलीत नेलं. ते कुरकुरले, पण छातीवर हात ठेवून पाहिला आणि बसले. बाकी सगळा वेळ ते बाहेरच होते.

एकामागून एक गेर जात राहिल्या. कोणती कुणाची हे अण्णा आणि नाना दोघांनाही गाडीवरच्या माणसांवरून कळायचं, पण तासाभराने गाडीवरची माणसंही ओळखू येईनाशी झाली. सगळ्यांचे चेहरे एकाच जांभळट रंगाचे. हिंद रक्षक संघटनेच्या राधाकृष्ण फाग यात्रेत तर बायका इतक्या होत्या की मी कठड्याला धरून बघतच राहिले. साड्या नेसलेल्या, मुलं कडेवर घेतलेल्या, माझ्या वयाच्या. ज्या बायकांना वाटतं की आपल्याला जमणार नाही, त्यांनी निदान एकदा ही यात्रा बघावी. त्या दिवशी मुख्यमंत्री मोहन यादवही गेरमध्ये आले होते. आम्हाला ते दिसले नाहीत, गर्दी एकदम राजवाड्याकडे ओढली गेली एवढं जाणवलं.

साडेबाराच्या सुमारास एक ॲम्ब्युलन्स आली. वरून मला वाटलं आता काय होणार, मुंगीला वाट नाही. पुढच्या टँकरने मोटार बंद केली. गाणं थांबलं. आणि ती गर्दी मधोमध दुभंगली. पोरं हातांची साखळी करून मागच्यांना रेटून धरत होती, ॲम्ब्युलन्स न थांबता निघून गेली, आणि तिच्या मागे वाट पुन्हा मिटली. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नसेल. अण्णा उभे राहून टाळ्या वाजवत होते. नाना बसून.

दोननंतर नाना थकले. अडीचला उतरायला सुरुवात केली, तोवर मुख्य गेर पुढे गेल्या होत्या, पण रस्ता भरलेलाच होता. दाराशी अण्णांना म्हटलं, इथेच उभे राहा. मुलगा आणि मी दुकानातून खुर्ची काढून नानांना बसवलं, वळून पाहिलं, तर अण्णा नाहीत.

फोनला रेंज नव्हती. त्या वेळी तिथे कुणालाच नसते, म्हणून भेटायची जागा सकाळीच ठरवून ठेवावी. आम्ही ठरवली नव्हती. पंधरा मिनिटं मुलगा शोधून आला आणि मग आम्ही पोलिसांच्या मदत केंद्रावर गेलो. टेबलापाशी आमच्या आधी चार जण होते. वीस मिनिटांनी नंबर आला. रजिस्टर उघडून त्या बाईंनी विचारायला सुरुवात केली. नाव, वय, उंची. "कपड़े किस रंग के?" मी बोलायला तोंड उघडलं आणि थांबले. सकाळी पांढरा होता, आता माझ्या, मुलाच्या, नानांच्या, समोरच्या हजारो माणसांच्या सदऱ्याचा जो रंग होता तोच अण्णांच्याही. त्यांनीही मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि तो रकाना मोकळा सोडला. "पहचान का कोई निशान?"

मला काही सुचेना. शेजारी राहून मला त्यांच्या अंगावरची एक खूण माहीत नव्हती. खुर्चीवरून नाना म्हणाले, "दायीं भौंह पर. एक इंच का." त्यांनी विचारलं, कसली खूण? "पीतल की पिचकारी लगी थी. चौहत्तर में, राजवाड़े पर. मेरी पिचकारी थी." मग नानांनी आणखी सांगितलं. डाव्या पायावर जोर कमी देतात. उभे राहताना दोन्ही हात पाठीमागे. तंबाखू २००३ ला सोडली, पण बोटं अजून चोळतात. बाई लिहीत गेल्या. रकान्यात मावेना तेव्हा बाजूच्या जागेत लिहिलं.

लाउडस्पीकरवर नाव पुकारलं. दोनदा. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा माझा हात पर्सवर गेला आणि मला धस्स झालं. कानयंत्र माझ्याकडे होतं. त्यांना काहीही ऐकू जाणार नव्हतं. हे मुद्दाम लिहिते आहे: यंत्र काढलंत तर ते त्याच माणसाच्या गळ्यात, पाणी न जाणाऱ्या पिशवीत अडकवा, आणि त्या माणसाचा हात एक क्षणही सोडू नका.

साडेतीन झाले असतील. चार पोरं अण्णांना मधे घेऊन आली. गर्दीच्या लोंढ्यात ते सीतलामाता बाजारापर्यंत वाहत गेले होते आणि एका दुकानाच्या ओट्यावर बसून राहिले होते. पोरांनी खिशातली चिठ्ठी काढली, तर शाई पसरून निळा डाग उरला होता. मग त्यांनी खुणांनी विचारलं, कुणाबरोबर आलात? अण्णा एवढंच सांगत राहिले, "चाकाच्या खुर्चीवर एक म्हातारा असेल, हुकुमचंद मिलचा, तो शोधा." पोरांनी तो शोधला. कोणत्या गेरमधली होती ती पोरं, कोणास ठाऊक. मी हात जोडले तर एक म्हणाला, "अरे आंटी, चलता है," आणि पोरं निघून गेली.

नानांनी अण्णांना आपादमस्तक पाहिलं. "कुठे तडमडला होतास?"

तीन महिन्यांतलं पहिलं वाक्य. अण्णा वाकून म्हणाले, "काय?" मी पर्समधून डबी काढली, हात पुसले, यंत्र त्यांच्या कानात बसवलं. नानांनी तेच वाक्य पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठ्याने म्हटलं.

परतीला रिक्षा मिळाली नाही. जवाहर मार्गावर एक ई-रिक्षावाला ३०० रुपयांत तयार झाला, सीटवर प्लास्टिक घालून. निघता निघता मागे पाहिलं तर गोराकुंडाकडे महापालिकेची झाडूयंत्रं आणि पाण्याच्या गाड्या शिरत होत्या. २०२४ च्या जानेवारीत शहर सातव्यांदा स्वच्छतेत पहिलं आलं, ते या माणसांच्या जिवावर. आपण अंघोळ उरकायच्या आत ती रस्ता धुऊन ठेवतात.

अंघोळीबद्दल: आधी कोरडा गुलाल मऊ फडक्याने झटका, मग तेल, मग बेसन, साबण सगळ्यात शेवटी. कानात बोट घालू नका. नानांच्या नखांत रंग अजून आहे, काढू देत नाहीत. रात्री रक्तदाब मोजला, नेहमीपेक्षा थोडा जास्त होता. रविवारी सकाळी नेहमीसारखा. सगळा खर्च मिळून ४,६५० रुपये झाला, खुर्चीवर रंग लागला म्हणून अनामतीतून कापलेले ३०० धरून. खुर्चीला आधीच प्लास्टिक गुंडाळलं असतं तर ते वाचले असते.

खुर्ची परत करायला मी रविवारी दहाला निघाले, तेव्हा अण्णा आमच्या ओट्यावर येऊन बसले होते. हातात बँकेचं पासबुक. "हे बघ, तारीख बघ पैसे जमा झाल्याची," ते आत वाकून म्हणत होते. आतून नानांचा आवाज आला, "आणि मी कोर्टाच्या तारखा काढू का? बत्तीस वर्षांच्या आहेत, बसायला वेळ आहे ना?" मी चहाचं आधण ठेवलं, दोन कप काढले आणि खुर्ची घडी करून जिना उतरले.